पाळकाच्या मुलाचा चेंडू



आकाशवाणीतून फोन आला आणि 'ख्रिस्ती मूल्ये आणि खेळातून बालशिक्षण' या विषयावर बोलाल का, असं विचारलं गेलं, तेव्हा मी आधी हसलोच. म्हटलं, माणूस चुकला नाही ना तुमचा? मी मुसलमान. शिक्षण बी.ए.पर्यंत. नाद कवितेचा. ना मी पाळक, ना बालशिक्षणातला तज्ज्ञ. त्यावर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "तुम्हीच एकदा सांगितलं होतं ना, लहानपणी मिशन कंपाउंडातल्या बालवाडीत जात होतो म्हणून? तेच सांगा, आणि त्यामागचं काही वाचलं असेल तर तेही सांगा."

मला अशा प्रश्नांची सवय आहे. 'तुम्ही मुसलमान असून मराठीत कविता कशी काय लिहिता?' हा प्रश्न मी गेली तीस वर्षं ऐकतो आहे. उत्तरादाखल मी आमच्या नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव घेतो. विचारणारा मान हलवतो आणि पुढच्या समारंभात तोच प्रश्न पुन्हा विचारतो. असो.

गोष्ट १९७३ सालची. बहात्तरच्या दुष्काळाची झळ अजून संपली नव्हती. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासूनचं. गावात चर्च, मिशनची शाळा, दवाखाना हे सगळं रोजच्या पाहण्यातलं. आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर एका कंपाउंडात चिंचेच्या झाडाखाली बालवाडी भरायची. तिथं दुपारी सुकडी मिळायची. मला तिथं घातलं ते आधी सुकडीसाठी, हे सांगायला मला लाज वाटत नाही. अब्बा शिलाईकाम करायचे. दुष्काळात नवे कपडे कोण शिवतो?

शेजारच्या खालांनी अम्मीला घाबरवून ठेवलं होतं, की ते लोक पोराला किरिस्ताव करतील. म्हणून पहिल्या दिवशी अम्मी बुरखा घालून भिंतीशी बसून राहिली, तासभर. तिथं एक मध्यमवयीन बाई होत्या, त्यांना सगळी मुलं मावशी म्हणायची. मावशी अम्मीला पाहून म्हणाल्या, "सलाम." आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटले की सलामच म्हणतात, हे अम्मीला ठाऊक नव्हतं. मग मावशींनी पंधरा-वीस मुलं गोल करून बसवली आणि मधे चिंध्यांचा एक चेंडू सोडला. चेंडू ज्याच्याकडे जाईल त्यानं आपलं नाव सांगायचं आणि दुसऱ्याकडे ढकलायचा. बस्स. तासभर एवढंच.

घरी येऊन अम्मीनं अब्बांना सांगितलं, "वहाँ तो सलाम करते. पर पढाते कुच नै, खाली खेलाते." म्हणजे दीनाची काळजी मिटली आणि शिक्षणाची सुरू झाली. अब्बा मात्र दुसऱ्या दिवशी दुकानातल्या चिंध्यांची एक पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, चेंडू करायला दे.

आणखी एक आठवण आहे आणि तीच मला आज सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सुकडी वाटण्याआधी प्रार्थना व्हायची. मुलं हात जोडून डोळे मिटायची. मला ते येत नव्हतं. मी घरी पाहिलेलं होतं, तसे दोन्ही तळवे वर उघडे धरून बसायचो, दुआ मागतात तसे. शेजारची एक मुलगी माझे हात धरून जुळवायला लागली. मावशींनी तिला नुसतं नजरेनं थांबवलं. मला काही सांगितलं नाही आणि तिलाही रागावल्या नाहीत. वर्षभर मी तसाच तळवे उघडून बसलो आणि वर्षभर त्याच तळव्यांवर सुकडी पडली.

हे असं गोल करून बसवणं, चेंडूपासून सुरुवात करणं कुठून आलं, हे मला फार उशिरा, वाचनातून कळलं. त्याचं मूळ शोधत गेलं की आपण जर्मनीतल्या थ्युरिंगेन भागातल्या ओबरवाइसबाख नावाच्या खेड्यात, एका पाळकाच्या घरात जाऊन पोचतो.

त्या घरात १७८२ साली फ्रीड्रिख फ्रोबेलचा जन्म झाला. वडील लूथरपंथी पाळक. मूल वर्षाचंही नव्हतं तेव्हा आई गेली. पुढं सावत्र आई आली. तिला स्वतःचं मूल झाल्यावर हा बाजूला पडला. वडील आपल्या कामात बुडालेले, स्वभावानं कडक. हा मुलगा घरामागच्या बागेत एकटा खेळायचा आणि वडिलांचं पापावरचं प्रवचन ऐकून धास्तावायचा. दहा वर्षांचा झाला तेव्हा आईचा भाऊ त्याला आपल्याकडे घेऊन गेला. गंमत अशी, की हा मामाही धर्मोपदेशकच होता. तेच बायबल, तोच पंथ. पण मामाच्या घरात विश्वास होता, मोकळीक होती. मुलाला एकट्यानं बाहेर जाऊ देत, बरोबरीच्या मुलांत खेळू देत. फ्रोबेलनं पुढं मोठेपणी आपल्या आयुष्याबद्दल लिहिलं, तेव्हा या दोन घरांतला फरक त्यानं अगदी जोडीजोडीनं मांडला आहे.

मला वाटतं, फ्रोबेलचं सगळं शिक्षणशास्त्र या दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर जन्मलं. धर्म तोच असतो, पण एका घरात तो मुलाला आक्रसून टाकतो आणि दुसऱ्या घरात फुलवतो.

पुढं या माणसानं बरंच काही केलं. जंगलखात्याचं काम शिकला, फ्रँकफर्टच्या शाळेत मास्तर झाला, स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझीच्या हाताखाली दोन वर्षं राहिला, नेपोलियनविरुद्धच्या लढाईत स्वयंसेवक सैनिक म्हणून गेला, बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास केला. स्फटिक कसा आतल्या नियमानं वाढतो हे पाहून त्याला वाटलं, माणसाचं मूलही असंच आतून वाढत असणार. ईश्वर एक आहे, त्याची एकता सगळ्या सृष्टीत भरून आहे, ती मुलातही आहे, आणि ती बाहेर यायची वाट म्हणजे खेळ, अशी त्याची श्रद्धा. हे त्यानं १८२६ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात मांडलं. भाषा इतकी जड, की मी भाषांतरातूनसुद्धा अडखळत वाचलं. पण त्याचा हात मात्र हलका होता. १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्यानं लहान मुलांसाठी खेळणी तयार करायला सुरुवात केली. १८४० साली एकदा डोंगरवाटेनं सोबत्यांबरोबर चालताना त्याला नाव सुचलं : किंडरगार्टन. मुलांची बाग. आपण ज्याला केजी म्हणतो त्यातला 'के' आणि 'जी' तो हाच. आपल्यापैकी किती पालकांना ठाऊक असेल, की त्यातल्या 'जी'चा अर्थ बाग असा आहे?

त्या खेळण्यांना तो 'भेटी' म्हणायचा. पहिली भेट म्हणजे लोकरीनं मढवलेले सहा रंगांचे मऊ चेंडू, दोरी बांधलेले. तान्ह्या मुलाच्या मुठीत मावतील असे. आईनं चेंडू लपवायचा, दाखवायचा, झुलवायचा. दुसरी भेट म्हणजे लाकडाचा गोल, घन आणि नळकांडं. तिसरी, आठ छोट्या घनांत सुटणारा एक मोठा घन. रीत अशी, की मुलाला आधी ठोकळा अख्खा दाखवायचा, मग त्यानं तो सोडवायचा, घर बांधायचं, पूल बांधायचा, आणि शेवटी पुन्हा अख्खा करून पेटीत ठेवायचा. फ्रँक लॉइड राइट हा अमेरिकेचा मोठा वास्तुशिल्पी या ठोकळ्यांशी खेळून वाढला आणि म्हातारपणीसुद्धा त्यांचं ऋण मानत होता.

आता यात ख्रिस्ती काय आहे, असं कुणी विचारील. त्या चेंडूवर क्रूस काढलेला नव्हता. पण मार्कच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. लोक मुलांना येशूकडे आणतात, शिष्य त्यांना हटकतात, आणि येशू शिष्यांवरच रागावतो. मुलांना जवळ घेतो. इतकंच नाही, तर मोठ्यांनी मुलांसारखं व्हावं म्हणतो. हजरत ईसांचा हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या हदीसमधली हकिकत आठवली. पैगंबरसाहेब नमाज पढवत असताना सजद्यात गेले, आणि त्यांचा नातू पाठीवर चढून बसला. सजदा खूप लांबला. मागच्या लोकांना वाटलं, काही झालं की काय. नमाजनंतर त्यांनी सांगितलं, मूल पाठीवर बसलं होतं, त्याचं मन भरण्याआधी त्याला उतरवावं असं मला वाटलं नाही. मी इथं दोन धर्म सारखेच आहेत वगैरे सांगणार नाही, ते भाषण आपण पुष्कळदा ऐकलं आहे. मी एवढंच म्हणतो, की मुलाच्या खेळासाठी मोठ्या माणसानं थांबायचं असतं ही गोष्ट या दोन्ही ठिकाणी आहे आणि फ्रोबेलनं ती शाळेत आणली.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलाची इच्छाशक्ती लहानपणीच मोडली पाहिजे, कारण मूल जन्मतःच पापी असतं, हेही ख्रिस्ती मूल्य म्हणूनच शिकवलं गेलं. इंग्लंडमध्ये मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानं १७४८ साली ब्रिस्टलजवळ किंग्जवुड इथं शाळा काढली. मुलांना पहाटे चारला उठवायचं आणि खेळाला पूर्ण बंदी. लहानपणी जो खेळला तो मोठेपणीही खेळतच राहील, अशी भीती. वेस्ली काही दुष्ट माणूस नव्हता. गरिबांसाठी त्यानं घोड्यावरून जन्मभर पायपीट केली, गुलामगिरीविरुद्ध लिहिलं. तरीही मुलांच्या बाबतीत त्याच्या आणि फ्रोबेलच्या बायबलची पानं जणू वेगवेगळ्या ठिकाणी उघडली. नुसतं 'ख्रिस्ती मूल्ये' म्हणून भागत नाही, ती कुणाच्या हातातली, हे विचारावं लागतं. हे आमच्या मदरशांनाही लागू आहे आणि गावातल्या संस्कारवर्गांनाही. छडी सगळ्याच धर्मांत सहज मिळते.

फ्रोबेलचं पुढं काय झालं ते ऐका. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. मंत्री होता राउमर. आरोप असा, की या बालवाड्या समाजवादी कटाचा भाग आहेत आणि मुलांना नास्तिक बनवतात! फ्रोबेलच्या पुतण्यानं, कार्ल फ्रोबेलनं, काही जहाल लिखाण केलं होतं आणि सरकारनं दोघांत गल्लत केली, असं सांगतात. पण खुलासा केल्यावरही बंदी उठली नाही, म्हणजे नुसती गल्लत नसावी. मुलं गोल करून गाणी म्हणतात, गरीब-श्रीमंत एकत्र बसतात, बायका शिक्षिका होतात, हेच खुपत असणार. ज्या माणसानं प्रत्येक ठोकळ्यात ईश्वराची एकता पाहिली, त्याच्यावर नास्तिकपणाचा शिक्का बसला. पुढच्याच वर्षी, जून १८५२ मध्ये तो वारला. बंदी उठली १८६० साली. त्याच्या थडग्यावर घन, नळकांडं आणि गोल असे एकावर एक दगड रचले आहेत. म्हणजे त्याचीच दुसरी भेट.

बंदीमुळे एक झालं. या पद्धतीत तयार झालेल्या बायका इंग्लंड-अमेरिकेत गेल्या, किंडरगार्टन तिकडे रुजलं, आणि तिथून ते आपल्याकडे आणणाऱ्यांत एक मराठी बाईही होती. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. तिथं त्यांनी किंडरगार्टन पाहिलं आणि नुसतं पाहून थांबल्या नाहीत, रीतसर त्याचं शिक्षण घेतलं. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, जिला कलकत्त्यात 'सरस्वती' म्हटलं, ती लहान मुलांच्या ठोकळ्यांचा अभ्यास करायला बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं. मराठी क्रमिक पुस्तकांचा आराखडाही त्यांनी अमेरिकेतच आखला. १८८९ साली मुंबईत शारदासदन निघालं ते ही शिदोरी घेऊन.

रमाबाई १८८३ पासून ख्रिस्ती होत्या. शारदासदनात धर्म शिकवणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. पण त्या स्वतः दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. यावरून पुण्यात गदारोळ झाला. १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडलं आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. त्या वादात कोण किती बरोबर, यावर आजही भांडता येईल. रमाबाईंना दार लावून प्रार्थना करा असं सांगणं मला पटत नाही. आणि ज्यांच्या मुली होत्या त्यांची भीती नुसतीच खोटी होती, असंही मला म्हणवत नाही. माझी अम्मी त्याच भीतीनं भिंतीशी तासभर बसली होती. लहान मुलाला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून त्याच्या पुढ्यात बसणाऱ्या मोठ्या माणसालाच स्वतःला अधेमधे 'नाही' म्हणावं लागतं. मावशींनी त्या मुलीला नजरेनं थांबवलं ते याच समजुतीनं, असं मी धरून चाललो आहे. त्यांना विचारायचं राहून गेलं.

पुढं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे केलं, ते आपल्याला ठाऊक आहे. ताराबाई गिजुभाई बधेकांच्या सहवासात तयार झाल्या, आणि गिजुभाईंना वाट सापडली ती मारिया मॉण्टेसोरींच्या पुस्तकांतून. मॉण्टेसोरीबाई श्रद्धाळू कॅथलिक. ताराबाई प्रार्थना समाजाच्या घरातल्या. मॉण्टेसोरींचं साहित्य महाग, ते खेड्यात परवडणार नाही, म्हणून ताराबाई-अनुताईंनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती घेतली. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. चेंडू हातोहात फिरत गेला आणि प्रत्येक हातानं त्याला आपल्याकडचं कापड लावलं.

आता घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही, आणि तीत चूक माझी आहे.

माझी लेक पुण्याला असते. तिची मुलगी, माझी नात, साडेतीन वर्षांची. एका शाळेत नर्सरीत घातली आहे. नाव सांगत नाही, कारण अशा शाळा गल्लोगल्ली आहेत. रोज चार रेघी वहीत एक पान एबीसीडी लिहून न्यायची. सुट्टीत नात आमच्याकडे आली, वही घेऊन. आणि मी, म्हणजे जो चिंचेखाली चेंडू ढकलत वाढला तो मी, चश्मा लावून तिला लिहायला बसवलं. तिचं बोट धरून गिरवून घेतलं. ती म्हणाली, "नाना, बोट दुखतंय." मी म्हटलं, "एवढी ओळ पुरी कर." तिनं केली. मला बरंही वाटलं. पाहा, माझी नात कशी लिहिते!

दोन दिवसांनी पेन्सिल सापडेना. सगळं घर शोधलं. तिसऱ्या दिवशी तिच्या नानीनं तांदूळ काढायला डबा उघडला, तर आत तांदळात खोल खुपसलेली पेन्सिल. नात काही बोलली नाही. माझ्याकडे पाहत उभी राहिली, आणि दोन्ही हात मागे लपवले.

वेस्लीला मी आत्ता नावं ठेवली, श्रोतेहो. पण त्याच्या शाळेत निदान शिक्षा काय आहे ते लिहून ठेवलेलं होतं.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अब्बा, तुमच्या कविता ऐकून पहिलीत प्रवेश मिळत नाही." तिचंही खोटं नाही. प्रवेशाआधी मुलांची परीक्षा घ्यायला २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहे, हे तिलाही माहीत आहे. पण वर्गातली बाकीची तीस मुलं लिहीत असताना एकट्या आपल्या मुलीनं चेंडू ढकलायचा, एवढं धाडस कुठल्या आईला होईल? २०२२ साली पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला. तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं, असं त्यात पानोपानी आहे. २०२३ साली सरकारनं 'जादुई पिटारा' काढला. खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रं यांची पेटी. फ्रोबेलच्या पेट्यांना पावणेदोनशे वर्षं होऊन गेली, आणि त्याच वाटेनं आपण पुन्हा आलो, याचा आनंद आहे. पण नातीच्या शाळेत तो पिटारा मी पाहिला नाही. वही पाहिली.

नानीनं काही वाद घातला नाही. तिच्याकडे जुन्या स्वेटरची तांबडी लोकर होती, तिचा तिनं चेंडू केला आणि त्याला दोरी बांधली. फ्रोबेल तिनं वाचलेला नाही. मी तिला सांगायला गेलो, तर म्हणाली, आधी दळण आणा.

मागच्या शनिवारी लेक नातीला न्यायला आली. आल्या आल्या वही उघडली, तर पानं कोरी. ती माझ्याकडे पाहायला लागली आणि मी छताकडे. तेवढ्यात तांबडा चेंडू फरशीवरून घरंगळत तिच्या पायाशी आला. नात समोर मांडी घालून बसली होती. म्हणाली, "मम्मी, आता नाव सांग."

"कुणाचं?"

"तुझं. ज्याच्याकडे जातो त्यानं सांगायचं असतं."

लेक जरा वेळ वही हातात धरून उभी राहिली. मग खाली बसली आणि तिनं आपलं नाव सांगितलं.

वही अजून कोरीच आहे. सोमवारी शाळेत काय सांगायचं, ते आम्ही तिघांनी अजून ठरवलेलं नाही.